जिंतूरकडचा अरब

संपादकांचं पत्र आलं की नोकरीतल्या गमतीजमती लिहा, जुनं हैदराबाद वाचायला लोकांना फार आवडतं. आवडत असेल हो. पण माझ्या नोकरीत गमती कमी आणि धाकधूक फार, हे आधीच सांगून ठेवतो. तीस-बत्तीस वर्षं मी माणसांच्या नोंदी ठेवल्या. कोण इथला, कोण बाहेरचा, कोणाला राहू द्यायचं, कोणाला घालवायचं, हे ठरवणारे साहेब निराळे. ते ज्या कागदाकडे बघून ठरवायचे तो मात्र माझ्या हातचा असायचा. म्हातारपणी लोकांना रक्तदाब होतो, साखर होते. माझ्या पोटात जो एक गोळा येऊन बसलाय तो अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतरच्या हिवाळ्यात आला आणि अजून गेलेला नाही. त्याचीच हकिकत लिहितोय. नावं बदलली आहेत, आणि ज्यांना वाईट वाटलं असतं ती माणसं आता राहिलेली नाहीत.

ज्यांना आमचं हैदराबाद ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. निजामाच्या अमलात माणसाची पहिली चौकशी व्हायची ती मुलकी की गैरमुलकी याची. मुलकी म्हणजे इथला. सरकारी नोकरी पाहिजे तर मुलकी असल्याचा दाखला आणा. एकच काम असं होतं की जिथे बाहेरचा असला तर माणसाचा रुबाब वाढायचा, ते म्हणजे पहाऱ्याचं. बड्या सावकारांच्या देवड्यांवर अरब पहारेकरी ठेवायची इथे जुनी चाल होती. हे लोक पिढ्यांपूर्वी समुद्रापलीकडून फौजेत आलेले. कमरेला जंबिया, म्हणजे वाकडा खंजीर, खांद्यावर चौकड्यांचं कापड, आणि तोंड मिटलेलं. आमच्या घरच्या मुंजीत दारात मरफा वाजला, तो ढोलही त्यांचाच. जंबिया बाळगायला परवाना लागे आणि त्या परवान्यांचं रजिस्टर माझ्या टेबलावर असे. नाव, बापाचं नाव, जात, जन्म कुठला, कोणाच्या देवडीवर. सगळं उर्दूत.

मी नोकरीला लागून वर्ष झालं नसेल, तेव्हा शेख सांडू माझ्यासमोर येऊन उभा राहिला. जिंतूरकडे माझं आजोळ. सांडूचा बाप तिथला पिंजारी, आमच्या आजोळच्या गाद्या त्याच्याच हातच्या. सांडू अंगाने उंचनिंच, नाक धारदार, डोळे घारे. कोणत्या पूर्वजाने ते नाक त्या गावात आणून ठेवलं होतं देव जाणे! गावात काम उरलं नव्हतं म्हणून बायको हलीमा आणि पाळण्यातली मुलगी घेऊन तो शहरात आला होता. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की एका सावकाराला पहारेकरी हवाय. पण सावकाराची एक अट होती. "इथे जन्मलेले अरब आता आपल्यासारखेच गप्पिष्ट झाले, मला खास अरबस्तानचा पाहिजे," असं त्याचं म्हणणं. जसं काय अत्तरच मागवत होता!

"भाऊ, मला अरब करा की," सांडू म्हणाला. असं म्हणाला, की जणू दाखल्यावर सही मागतोय.

मी आधी पोट धरून हसलो. मग इकडेतिकडे बघितलं आणि लिहिलं. नाव सालेह बिन उमर, जात अरब, जन्म अरबस्तान. दोन मिनिटांचं काम. मी त्याच्याकडून काही घेतलं नाही, आपल्या आजोळचा माणूस आहे, त्यात कोणाचं काय जातंय, एवढंच मनात आलं. आज विचारलंत तर सांगतो, नोकरीत मी जे काही केलं त्यात हेच एक मनापासून केलं होतं.

आणि सांडू अरब म्हणून शोभला हो! बोलायचाच नाही, त्यामुळे बोली उघडी पडायचा प्रश्न नव्हता. लोक म्हणत, असली अरब असाच असतो. देवडीवर दखनीत दोन शब्द, "कौन है? ठैरो!" बस्स. मराठी फक्त माझ्याशी, तीही परवान्याच्या निमित्ताने दफ्तरात आला की कोपऱ्यात ओढून. "भाऊ, लई दिस झाले, चार शब्द आपले बोला," म्हणायचा, आणि मग गावची विहीर, आमच्या मामांची बैलजोडी, कोण मेलं, कोणाचं लग्न झालं, सगळं विचारून घ्यायचा. त्याची मुलगी जैनब अरबाची मुलगी म्हणूनच वाढली. तिला तरी खरं काय ते कुठं ठाऊक! पोलीस ॲक्शनच्या थोडंच आधी तिचं लग्न झालं, आणि ते अरबांच्या वस्तीतल्या खऱ्या खानदानी घरात. ते लोक रक्ताबद्दल फार कडक. दखनी घरातली मुलगी ते करून घेत नसत. सांडूने मला लग्नाला बोलावलं नाही, नुसता लांबून सलाम केला. मीही समजलो.

मग पोलीस ॲक्शनचे ते पाच दिवस आले आणि गेले, निजामाचं राज्य संपलं. सगळीकडे बाहेरून आलेले पोलीस, बाहेरून आलेले साहेब. हुकूम निघाला की अरब, पठाण वगैरे हत्यारबंद परदेशी गोळा करा, कॅम्पात ठेवा, आणि ज्यांचा जन्म परमुलखातला त्यांना परत पाठवा. त्यांच्यापैकी काहींनी रझाकारांबरोबर गावं लुटली होती, हे खोटं नाही. आमच्या नात्यातली दोन घरं जळाली होती. म्हणून हुकूम वाचून मला बरंच वाटलं, हे लपवत नाही. आपल्या टेबलाशी त्याचा काय संबंध, ते लगेच ध्यानात आलं नाही.

आमच्या दफ्तरात तमिळ मुलखातले एक साहेब आले. माणूस सज्जन, कामाला वाघ, पण उर्दू येत नाही, मराठी येत नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी मला खुर्ची दिली आणि इंग्रजीत विचारलं, "तुम्ही इथले. अरब कसा ओळखायचा?"

खुर्ची मिळाली म्हणून मी फुगलो. त्या दिवसांत आम्हा जुन्या लोकांची छाननी चालली होती, कोण कामाचा, कोण निजामाचा माणूस, कोणाला काढायचं. साहेबांच्या डोळ्यांत भरावं म्हणून मी धडाधडा सांगत गेलो. चौकड्यांची लुंगी, खांद्यावर कापड, कमरेला रुंद पट्टा, दाढी अशी, नाक असं. साहेबांनी लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी तेच टाईप होऊन पोलिसांच्या हातात गेलं!

मग काय विचारता. मरफा वाजवणारे चार दखनी धरून आणले, लग्नाच्या पोशाखात, ढोलांसकट. "साब, हमारा तो ये ड्रेस है, किराए का है," म्हणून रडत होते. नामपल्लीचा अत्तरवाला आणला, नाकासाठी. एक तेलुगू ताडीवाला आणला, चौकड्यांच्या लुंगीसाठी. तो बिचारा "नेनू गौडुन्नि अय्या, गौडुन्नि", म्हणजे मी ताडी काढणारा गौड आहे हो, म्हणून ओरडत होता. आणि ज्याने खरोखर अरबस्तानातून येऊन पाच वर्षंसुद्धा झाली नव्हती, असा एक मोटारदुरुस्तीवाला मला चांगला ठाऊक होता. तो पाटलोण घालून, टोपी तिरकी करून आमच्या दफ्तरावरून रोज शीळ घालत जायचा. त्याला कुणी हात लावला नाही. हसू येतं ना? मलाही यायचं, एका संध्याकाळपर्यंत.

त्या संध्याकाळी काचीगुडा स्टेशनाबाहेर मलाच अडवलं. आम्ही हिंदू नोकरदारसुद्धा पिढ्यान्‌पिढ्या शेरवानी आणि लाल रुमी टोपीच घालत होतो, दफ्तराचा तोच पोशाख. शिपाई साताऱ्याकडचा. नाव विचारलं, मी सांगितलं.

"कुलकर्णी? आणि हा अवतार?"

"हौ, मी जामबागला राहतो, दफ्तरातून आलो, खालीपिली कायको रोकताव?" घाबरलो की माझी जीभ दखनीवर जाते, अजूनही.

"बघा, मराठीसुद्धा मुसलमानी," तो जोडीदाराला म्हणाला. माझी टोपी काढून त्याने शेंडी आहे का बघितली. शेंडी कधीचीच गेली होती. शेवटी जानवं दाखवून सुटलो, भर रस्त्यात, शेरवानीची बटणं सोडून. समोर आमच्या शाळेचे हेडमास्तर उभे होते, त्यांनी मान फिरवली. दुसऱ्या दिवसापासून मी धोतर-कोट घालायला लागलो. ती टोपी मी पुन्हा कधी घातली नाही. राग कोणाचा यायला हवा होता? आला तो हेडमास्तरांचा.

त्याच आठवड्यात साहेबांनी मला जुनं रजिस्टर दिलं. उर्दूतून इंग्रजीत याद्या करायच्या होत्या. ती भरभर घसटत लिहिलेली उर्दू वाचणारा दफ्तरात मीच उरलो होतो. दोन याद्या करायच्या. इथे जन्मलेले अरब एकीकडे, ते राहतील. तिकडे जन्मलेले दुसरीकडे, ते जातील. मी भराभर उतरवत चाललो आणि एका पानावर माझंच अक्षर समोर आलं. जन्म अरबस्तान.

लेखणी खाली ठेवून ती ओळ पुन्हा वाचली. जैनबच्या सासरचे खरे अरब, पण सगळे इथे जन्मलेले. ते राहणार. आणि जिंतूरच्या पिंजाऱ्याचा सांडू जाणार! मी ते नाव गाळू शकलो असतो म्हणाल, तर साहेबांनी रजिस्टराची पानं आणि नोंदी आधीच मोजून ठेवल्या होत्या. चौकशी केली तर सांडू कॅम्पात जाऊन चार दिवस झालेले. सावकाराकडे गेलो. "शेठजी, हा तुमचा पहारेकरी इथलाच आहे एवढं सांगा," असं आत सांगून पाठवलं. तो आतून बाहेरसुद्धा आला नाही. माणसाकरवी निरोप आला, "आमच्याकडे खास अरबस्तानचाच होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी हलीमा माझ्या घरी आली. बुरख्यातून हात बाहेर काढून तिने उंबऱ्यावर डोकं टेकलं. "भाऊ, तुम्हीच लिवलं, तुम्हीच पुसा," म्हणाली. "त्याला समुद्र कसा असतो ते बी ठावं न्हाई."

"मी बोलतो साहेबांशी," मी म्हणालो.

ती गेल्यावर बायको आतून आली. "अहो, बोलणार म्हणजे काय बोलणार? मी खोटी नोंद केली म्हणून? छाननी चाललीय, जरा तरी कळतंय का? घरात खाणारी सहा तोंडं आहेत." तिचं काही चुकत नव्हतं. खोटी नोंद म्हणजे नोकरी तर गेलीच, वर तुरुंग. मी दोन दिवस नीट जेवलो नाही. कागद लिहायचा, फाडायचा, पुन्हा लिहायचा. शेवटी एक लिहिला, सही केली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. मी सगळं सांगणार होतो. यावर कोणी विश्वास ठेवो न ठेवो, पण मी सांगणार होतो.

कॅम्पातली तपासणी शहराबाहेर एका मैदानात होती. लिंबाच्या झाडाखाली टेबल, साहेब खुर्चीवर, शेजारी मी रजिस्टर घेऊन. एकेक माणूस पुढे यायचा. नाव काय, जन्म कुठे, इथे कधी आलास. शब्द ऐकू जाणार नाही इतक्या लांब, तारेपलीकडे, नातेवाइकांची गर्दी. त्यात जैनबचे सासरेही होते, पांढऱ्या दाढीचे, हातात जेवणाचा डबा. रोज येत होते म्हणे. व्याह्याला कॅम्पातलं खावं लागू नये म्हणून.

सांडू समोर आला. खांदे पडलेले, पण दाढी व्यवस्थित विंचरलेली. साहेब मागच्या माणसाचा शेरा लिहीत होते, तेवढ्यात मी हळूच मराठीत म्हणालो, "सांडू, भिऊ नको. मी आज सांगतो सगळं. लिहून आणलंय."

मला वाटलं, त्याचा चेहरा उजळेल. तो पांढराफटक पडला.

"नगं भाऊ!" त्याने टेबलावर हात टेकले आणि एका दमात बोलत सुटला. "पाया पडतो तुमच्या, नगं! त्यो बघा तिकडं व्याही हुबा हाय. मी पिंजाऱ्याचा हाय म्हनून कळलं तर पोरीला आजच्या आज दारात आनून सोडतील. दिवस गेल्यात तिला. मी जातो कुठं जायचं तिथं. माजं काय, कापूस असंल तिथं पिंजून खाईन. पर तुमी तोंड उघडू नका, तुमास्नी आईची आन हाय!"

इतकी वर्षं जो माणूस चारचौघांत दोन शब्दांवर बोलला नव्हता, तो भर मैदानात, साहेबांच्या समोर, जिंतूरच्या गावरान मराठीत धाय मोकलून रडत बोलत होता.

साहेबांनी लेखणी थांबवली. आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ही कोणती भाषा आहे?" त्यांनी विचारलं.

एक शब्द सांगायचा होता. रजिस्टर काय म्हणतं, मी काय लिहिलं, कागद खिशात आहे की नाही, कशाचीच गरज नव्हती. मराठी, सर. एवढं म्हटलं असतं तरी साहेबांनी नक्की पुढे विचारलं असतं, ते तसे काटेकोर होते. अरबस्तानात जन्मलेला माणूस असा मराठीत रडेल का, एवढं त्यांना कळलं असतं.

सांडू हात जोडून माझ्याकडे बघत होता. तारेपलीकडे सासरे डबा घेऊन उभे होते.

"अरबी, सर," मी म्हणालो.

"तुम्हाला समजते?"

"थोडी थोडी. घरच्यांना सलाम सांगा म्हणतोय."

साहेबांनी मान डोलावली आणि शेऱ्यात लिहिलं, अरबी बोलतो. सांडूने माझ्याकडे बघून डोळे मिटले, सुटलो असं वाटल्यासारखे. मग पुढचा माणूस आला.

आठवड्याभरात नामपल्लीहून मुंबईच्या गाडीने त्यांची तुकडी गेली. मी स्टेशनवर गेलो नाही. पुढे एडनहून एक पत्र आलं, दुसऱ्याच्या हातचं, त्यात तब्येत ठीक एवढंच. नंतर तेही नाही.

तेव्हापासून मी मनाशी एकच घोळवतोय. मी अरबी म्हणालो ते सांडूने पाया पडून सांगितलं म्हणून, की खिशातला कागद बाहेर काढावा लागणार नाही म्हणून? कधी वाटतं, त्याची पोर वाचवली. कधी वाटतं, कसली पोर, स्वतःची खुर्ची वाचवली. खरं सांगायचं तर तो शब्द तोंडातून गेला तेव्हा मला हलकं वाटलं होतं. फार हलकं. त्याचीच लाज वाटते. छाननीत मी पास झालो. साहेबांनी शेरा चांगला दिला, स्थानिक माहिती उत्तम म्हणून.

गाडी गेल्यावर हलीमा आली. या वेळी ओसरीवर बसली, रडून झालेली. "भाऊ, बोललात का तुमी?"

काय सांगणार? तुझ्या नवऱ्यानेच मला गप्प केलं, हे सांगायची हिंमत नव्हती. आणि मीही गप्प बसायला तयारच होतो, हे सांगायची तर त्याहून नव्हती.

"बोललो," मी म्हणालो. "साहेबांनी ऐकलं नाही."

तिने दोन्ही हात माझ्यावरून ओवाळून कानशिलांवर बोटं मोडली. "तुमी नोकरीवर पानी सोडायला निगालता भाऊ. सख्खा भाऊ करनार न्हाई. अल्ला तुमच्या लेकरांना सुखात ठेवो."

ती जैनबकडे राहायला गेली. जैनबला मुलगा झाला, मग आणखी दोन, घर भरलं. आणि दर रमजान ईदेला, न चुकता, ती मरेपर्यंत, आमच्याकडे तिचा डबा यायचा. आमच्या सोवळ्याला धक्का नको म्हणून शीरखुर्मा न शिजवता सगळं कोरडं पाठवायची. बारीक शेवया, खारका, चारोळी, साखर, वर पांढरं फडकं. बायको ते उघडताना कधी माझ्याकडे बघायची नाही. आमच्याकडे त्याची खीर व्हायची. छान व्हायची. मी दुसऱ्यांदा वाढून घ्यायचो.